पावती आधी, उत्तर नंतर : परदेशी खरेदीदारांच्या कस्टम्सविषयक तक्रारी

ऑनलाइन विक्रेत्याकडून माल मागवणारा परदेशी खरेदीदार जेव्हा ‘कस्टम्सचे पैसे भरावे लागले’ अशी तक्रार करतो, तेव्हा त्या एका शब्दात बहुधा तीन निरनिराळ्या रकमा गुंडाळलेल्या असतात. पहिली रक्कम आयात शुल्काची, म्हणजे परदेशातून आलेल्या वस्तूवर ती देशात शिरताना बसणाऱ्या कराची. दुसरी मूल्यवर्धित कराची, ज्याला ब्रिटन व युरोपात व्हॅट आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा या देशांत जीएसटी म्हणतात व जो देशी मालालाही चुकत नाही. आणि तिसरी हाताळणी शुल्काची, म्हणजे हे कर वसूल करून सरकारजमा करण्याच्या कामाबद्दल टपालखाते किंवा कुरिअर कंपनी स्वतःसाठी घेते त्या मोबदल्याची. या रकमांचे धनी वेगळे, त्या आकारण्याची कारणे वेगळी आणि चूक झालीच असेल तर ती दुरुस्त करण्याचे मार्गही वेगळे असतात. म्हणून पैठणी, कोल्हापुरी चपला, ठुशी किंवा गोधडी परदेशी पाठवणाऱ्या महाराष्ट्रातील लहान विक्रेत्याने अशी तक्रार आल्यावर दिलगिरी व्यक्त करण्याआधी, आणि नियम ऐकवण्याच्याही आधी, खरेदीदाराकडून त्या पावतीचे छायाचित्र मागवावे. पावती न वाचता उत्तर दिले की विक्रेता एक तर आपण देणे लागत नाही ती रक्कम परत करून बसतो, किंवा स्वतःच्याच चुकीमुळे पडलेला भुर्दंड खरेदीदाराच्या माथी मारतो.

पावती कशी वाचावी हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. लंडनमधील एका खरेदीदाराने १८० पौंडांची रेशमी साडी मागवली आणि तिच्या पाठवणीचे २५ पौंड दिले असे धरू. ब्रिटनमध्ये आयात शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर न लागता वस्तू, पाठवणी, बांधणी व विमा यांच्या बेरजेवर लागते, म्हणजे येथे २०५ पौंडांवर. हिशेबाच्या सोयीसाठी शुल्काचा दर ६ टक्के मानला तर ती रक्कम १२.३० पौंड होते. मग व्हॅट २०५ पौंडांवर न बसता शुल्कासह झालेल्या २१७.३० पौंडांवर २० टक्क्यांनी बसतो आणि ४३.४६ पौंड होतो. त्यावर ब्रिटिश टपालसेवेचे ८ पौंड हाताळणी शुल्क पडून खरेदीदाराच्या दारात आलेल्या चिठ्ठीवर एकूण ६३.७६ पौंड लिहिलेले असतात. साडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून अधिक असलेला हा आकडा पाहून तो चिडला तर त्यात नवल नाही. परंतु ज्याला खऱ्या अर्थाने आयात शुल्क म्हणावे ते यात जेमतेम सव्वाबारा पौंड आहे, आणि त्रेचाळीस पौंडांचा मोठा हिस्सा हा तोच कर आहे जो त्याने लंडनच्याच दुकानातून साडी घेतली असती तर किमतीत मिसळून, पावतीकडे न पाहता, भरला असता. एवढी फोड करून दाखवली तरी तक्रारीची धार पुष्कळ कमी होते.

हाताळणी शुल्काची गोष्ट मात्र वेगळी, कारण ते मालाच्या किमतीच्या प्रमाणात नसते. कॅनडात व्यापारी मालाला करमाफीची मर्यादा अवघी २० कॅनेडियन डॉलर आहे, म्हणून ३० डॉलरची कानातली ओंटारिओत पोहोचली की १३ टक्के दराने ३.९० डॉलर कर होतो आणि तो वसूल करण्यासाठी टपालखाते ९.९५ डॉलर घेते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणावा असा हा प्रकार असून येथे खरेदीदाराचा राग रास्त आहे, पण तो विक्रेत्यावर नव्हे. अशा देशांत एक-दोन स्वस्त वस्तूंची विक्री करण्याऐवजी अनेक वस्तूंची एकच मागणी नोंदवण्यास खरेदीदाराला सुचवावे, म्हणजे हाताळणीचा बोजा विभागला जातो.

शुल्क कोणी भरायचे, हा प्रश्न कायद्यापेक्षा कराराचा अधिक आहे. सर्वसाधारण नियम असा की माल ज्याच्या नावे देशात येतो तो आयातदार आणि शुल्काचा भार त्याच्यावर. तथापि विक्रेता व खरेदीदार यांनी वेगळे ठरवले असेल तर ते चालते. आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने ठरवून दिलेल्या व्यापारसंज्ञांपैकी ‘डीएपी’ म्हणजे माल घरपोच करण्याचा खर्च विक्रेत्याचा पण आयात शुल्क व कर खरेदीदाराचे, आणि ‘डीडीपी’ म्हणजे शुल्क व करांसह सारे काही विक्रेत्याचे. कुरिअरच्या कचेरीत अजूनही ‘डीडीयू’ ही जुनी संज्ञा ऐकू येते. ती २०१० च्या सुधारित संज्ञावलीतून वगळली गेली असली तरी व्यवहारात तिचा अर्थ डीएपीसारखाच घेतला जातो. बुकिंगच्या वेळी ‘शुल्काचे बिल कोणाला’ या रकान्यात काय भरले आहे हे विक्रेत्याने स्वतः तपासावे, कारण तो रकाना घाईत दुसऱ्या कोणी भरला की करार एक आणि बिल दुसरेच होते. शिवाय अनेक कुरिअर कंपन्यांच्या अटींनुसार प्राप्तकर्त्याने शुल्क नाकारले तर ते पाठवणाऱ्याकडून वसूल करता येते, आणि हे कलम बहुतेक विक्रेते बिल हाती पडल्यावरच प्रथम वाचतात.

देशागणिक बदलणारे गणित

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून, पाठवणीखर्च वगळता १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर आयात शुल्क नाही, पण व्हॅट विक्रीच्या क्षणीच वसूल करावा लागतो. विक्री ऑनलाइन बाजारपेठेतून झाली तर ही जबाबदारी बाजारपेठेची. स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकाला विक्री केली तर ती विक्रेत्याची, आणि त्यासाठी पहिल्याच विक्रीपासून तेथील व्हॅटनोंदणी लागते. लहान विक्रेत्याला ही नोंदणी परवडण्याजोगी नसते, म्हणून ब्रिटनला जाणारा स्वस्त माल बाजारपेठेमार्फत विकणेच शहाणपणाचे ठरते. युरोपीय संघात १ जुलै २०२१ रोजी २२ युरोंपर्यंतची व्हॅटमाफी संपली आणि १५० युरोंपर्यंतच्या मालासाठी ‘आयओएसएस’ नावाची एकखिडकी नोंदणी आली, जिच्यामुळे कर विक्रीच्या वेळी घेऊन एकाच सदस्य देशात भरता येतो. ही नोंदणी ऐच्छिक असली तरी भारतीय विक्रेत्याला ती युरोपातील मध्यस्थाशिवाय मिळत नाही. तेव्हा येथेही बाजारपेठेचा आधार घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आणि न्यूझीलंडने २०१९ च्या डिसेंबरपासून १,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंतच्या मालावर अनुक्रमे १० व १५ टक्के जीएसटी मोठ्या विक्रेत्यांकडून व बाजारपेठांकडून विक्रीच्या वेळीच घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे या दोन देशांतून दारावरच्या चिठ्ठीची तक्रार तुलनेने कमी येते.

अमेरिकेचे प्रकरण मात्र सविस्तर पाहिले पाहिजे, कारण तेथील खरेदीदाराच्या मनातला धक्का सर्वांत मोठा आहे. २०१६ पासून तेथे ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काशिवाय येत असे, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांना कोल्हापुरी चपला अथवा दिवाळीसाठी साड्या मागवताना कस्टम्स हा विषयच माहीत नव्हता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ही सवलत सर्व देशांच्या मालासाठी स्थगित झाली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपालखात्याने कागदपत्रे व १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळता अमेरिकेला जाणारे पार्सल स्वीकारणे थांबवले होते, आणि १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती वेगळ्या रीतीने : आता शुल्क बुकिंगच्या वेळी पाठवणाऱ्याकडूनच घेतले जाऊ लागले आणि त्याचा दर त्या वेळी जाहीर केलेल्या किमतीच्या सरसकट ५० टक्के होता. कुरिअरने जाणाऱ्या मालावर वस्तूनिहाय मूळ दर आणि देशनिहाय अतिरिक्त दर असे दोन्ही लागत होते, तर टपालाने जाणाऱ्या मालाला वस्तूनिहाय दर लागू नव्हता. त्यामुळे मूळ दर चढा असलेल्या वस्तू टपालाने आणि मूळ दर शून्य असलेल्या वस्तू कोणत्याही मार्गाने, असा हिशेब करणे शक्य झाले. अमेरिकेतील हे दर वारंवार बदलत असल्याने जुना आकडा संकेतस्थळावर लिहून ठेवू नये, बुकिंगच्या दिवशीचा दर डाकघर निर्यात केंद्रात किंवा कुरिअरकडे विचारून घ्यावा. अमेरिकेत शुल्क पाठवणीखर्च वगळून, केवळ मालाच्या किमतीवर आकारले जाते, हाही ब्रिटनच्या पद्धतीहून असलेला फरक ध्यानात ठेवावा. वस्तूची किंमत फुगवून त्यात ‘मोफत पाठवणी’ दडवणारा विक्रेता अमेरिकी खरेदीदारावर विनाकारण अधिक शुल्क लादतो.

‘मोफत घरपोच’ हे शब्द तसेही घातक आहेत. विक्रेत्याच्या मनात त्याचा अर्थ पाठवणीखर्च नाही एवढाच असतो, तर खरेदीदार त्यात शुल्कही धरतो. शुल्काविषयीची सूचना धोरणांच्या पानावर दहाव्या कलमात न ठेवता किमतीच्या शेजारी, आकड्यांसह द्यावी. ‘स्थानिक कर लागू शकतात’ या गुळमुळीत वाक्यापेक्षा ‘ब्रिटनमध्ये १३५ पौंडांवरील साडीसाठी दारात किमतीच्या साधारण एक तृतीयांश इतकी रक्कम भरावी लागू शकते’ असे वाक्य विक्री थोडी घटवील, पण परत येणारी पार्सले त्याहून अधिक घटवील. अमेरिकेसाठी आणि स्वस्त वस्तूंसाठी शुल्क किमतीत धरून डीडीपी पद्धतीने पाठवणे सोयीचे. महाग साड्या व दागिन्यांसाठी डीएपी ठेवून मागणी नक्की होण्यापूर्वी लेखी अंदाज कळवणे बरे, कारण डीडीपीत मागणी आणि पाठवणी यांच्या दरम्यान दर वाढला तर फरक विक्रेत्याच्या खिशातून जातो. किमतीचा विचार करताना आणखी एक गोष्ट अनेकदा राहून जाते. एकात्मिक जीएसटी कायद्यानुसार निर्यात शून्य दराची असते आणि हमीपत्र, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेले ‘एलयूटी’, दरवर्षी दाखल केले की भारतीय कर न आकारता माल पाठवता येतो. देशांतर्गत विक्रीची करासह किंमत तशीच परदेशी लावणारा विक्रेता खरेदीदाराकडून दोन देशांच्या कराइतके पैसे घेत असतो.

चूक विक्रेत्याची असते तेव्हा

पावती पाहिल्यावर काही वेळा असे आढळते की खरेदीदाराने व्हॅट दोनदा भरला आहे, एकदा बाजारपेठेला आणि एकदा दारात. याचे नेहमीचे कारण असे की बाजारपेठेचा आयओएसएस क्रमांक पार्सलसोबत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक माहितीत भरला गेलेला नसतो. तो लेबलवर हाताने लिहून पुरत नाही, कारण तिकडचे कस्टम्स आगाऊ आलेली माहिती वाचतात, लेबल नव्हे. अशा वेळी खरेदीदाराने अजून पैसे भरले नसतील तर बाजारपेठेची मूळ पावती दाखवून आकारणीला हरकत घ्यावी, आणि भरले असतील तर दोन्ही पावत्या जोडून बाजारपेठेच्या मदतकक्षाकडे परतावा मागावा. विक्रेत्याने क्रमांक भरण्यात कसूर केली असेल तर हाताळणी शुल्काची रक्कम त्याने स्वतःहून द्यावी. ती लहान असते आणि देणे न्याय्य असते.

दुसरी चूक घोषणापत्रातली. जागतिक टपाल संघाच्या पद्धतीनुसार कमी किमतीच्या पार्सलवर ‘सीएन २२’ आणि त्याहून महागड्यावर ‘सीएन २३’ हे घोषणापत्र लागते, ज्यात वस्तूचे वर्णन, वजन, किंमत, मूळ देश आणि वर्गीकरण क्रमांक लिहायचा असतो. हा क्रमांक, ज्याला बाजारात ‘एचएस कोड’ म्हणतात, त्याचे पहिले सहा अंक जगभर समान असतात व संपूर्ण क्रमांकावरून शुल्काचा दर ठरतो. ठुशी पाठवताना नुसते ‘ज्वेलरी’ लिहिले तर तिकडचा अधिकारी ती मौल्यवान धातूची समजू शकतो, आणि ‘हँडिक्राफ्ट आयटम’ लिहिले तर त्याला काहीच समजत नाही. ‘कृत्रिम दागिना, पितळी मणी व काचेचे खडे, १ नग, भारतात निर्मित, ७११७’ असे लिहिले तर शंकेला जागा राहत नाही. न शिवलेली रेशमी साडी कापडाच्या ५० व्या प्रकरणात मोडते, तर शिवलेला ब्लाउज कपड्यांच्या ६२ व्या प्रकरणात. दोन्ही एका पिशवीत असतील तर दोन ओळी लिहाव्यात. चपलांचे प्रकरण ६४ वे, गोधडीचे ९४ वे. मराठी पुस्तके विकणाऱ्यांनी तर वर्णनात ‘छापील पुस्तके’ हे शब्द विसरू नयेत, कारण ब्रिटनमध्ये पुस्तकांवर व्हॅटचा दर शून्य आहे आणि केवळ मोघम वर्णनापायी तेथे पूर्ण दर लागू शकतो.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ओळखीतून आलेला खरेदीदार, विशेषतः परदेशस्थ मराठी माणूस, सहजपणे म्हणतो की दादा, वर ‘गिफ्ट’ लिहा आणि किंमत निम्मी टाका. भेटवस्तूंची सवलत ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आणि युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंत आहे, पण ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला विनामूल्य पाठवलेल्या वस्तूंसाठी. दुकानाने विकलेली वस्तू खरेदीदाराने कोणाला भेट द्यायची ठरवली म्हणून ती पात्र ठरत नाही. किंमत कमी दाखवणे हे भारतीय सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली चुकीच्या घोषणेत मोडते, ज्यात माल जप्त होण्याची व दंडाची तरतूद आहे. बँकेत आलेले परकीय चलन आणि निर्यातपत्रातील रक्कम जुळत नाही. आणि पार्सल गहाळ झाले तर भरपाई लिहिलेल्या किमतीइतकीच मिळते. नकार देताना कायद्याची कलमे न सांगता यातले शेवटचे कारण सांगावे, असा सल्ला देण्यास हरकत नाही, कारण ते खरेदीदाराच्या हिताचे असते आणि त्याने आपलेपणाला तडा जात नाही.

उत्तर, नकार आणि परत आलेले पार्सल

तक्रारीचे उत्तर लेखी आणि बाजारपेठेच्या संदेशपेटीतूनच द्यावे, व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे. पुढे खरेदीदाराने बँकेमार्फत कार्डावरील पैसे परत मागितले, ज्याला ‘चार्जबॅक’ म्हणतात, तर हाच पत्रव्यवहार पुरावा ठरतो. उत्तरात त्रासाची दखल घ्यावी, पावतीतील रकमांची फोड करावी आणि पुढचे पाऊल सांगावे, जसे : ‘आपण पाठवलेल्या पावतीतील ४३.४६ पौंड हा ब्रिटनचा व्हॅट असून १२.३० पौंड आयात शुल्क आहे. या दोन्ही रकमा तेथील सरकारकडे जमा होतात आणि आमच्याकडे त्यातील काहीही येत नाही. मागणी नोंदवताना ही शक्यता किमतीखाली दिली होती. आकारणी चुकीची वाटत असल्यास टपालाने आलेल्या मालासाठी तेथे बीओआर २८६ हा अर्ज असून त्यासाठी लागणारे मूळ बिल सोबत जोडले आहे.’ कुरिअरने आलेल्या मालासाठी ब्रिटनमध्ये सी २८५ हा अर्ज आहे. सद्भावनेपोटी काही द्यायचेच असेल तर शुल्काचा परतावा म्हणून न देता पुढील खरेदीवरील सवलत म्हणून द्यावे, नाही तर पुढच्या प्रत्येक पार्सलचे शुल्क विक्रेत्यानेच द्यायचे असा पायंडा पडतो.

कस्टम्सच्या नावाने खोटे संदेश पाठवून कार्डाची माहिती उकळण्याचे प्रकार आता सर्वत्र पसरले आहेत, त्यामुळे खरेदीदार खऱ्या मागणीलाही फसवणूक समजून दुर्लक्ष करतो आणि पार्सल गोदामात पडून राहते. माल पाठवताना ट्रॅकिंग क्रमांकासोबतच कोणती सेवा पैसे मागेल हे कळवावे आणि संदेशातील दुव्यावर न जाता त्या सेवेच्या अधिकृत संकेतस्थळावर क्रमांक स्वतः टाकून पाहण्यास सांगावे. घोषणापत्रावर प्राप्तकर्त्याचा चालू फोन क्रमांक व ईमेल नसेल तर ही सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गणपतीसाठी मागवलेली कंठी किंवा मखराचे साहित्य अनंत चतुर्दशीनंतर मिळाल्याच्या तक्रारीत उशीर प्रवासाचा नसून न पोहोचलेल्या चिठ्ठीचा असू शकतो.

खरेदीदाराने शुल्क भरण्यास नकार देऊन पार्सल सोडलेच नाही, तर पुढे काय करायचे हे विक्रेत्याने बुकिंगच्या वेळीच ठरवलेले असावे. पार्सलच्या फॉर्मवर न पोचल्यास परत पाठवावे की सोडून द्यावे याची खूण करता येते. तीनशे रुपयांच्या कानातल्यांसाठी परतीचे भाडे देण्यापेक्षा ती सोडून देणे स्वस्त, पैठणीच्या बाबतीत अर्थातच उलट. अशा नाकारलेल्या मागणीत परतावा किती द्यायचा, म्हणजे पाठवणी, परतीचे भाडे व कुरिअरने लावलेले शुल्क वजा करून उरलेली रक्कम, हे धोरणात आधी लिहिलेले असावे; मात्र युरोपीय संघातील ग्राहकाला माल मिळाल्यापासून १४ दिवसांत दूरविक्रीचा करार मोडण्याचा हक्क असतो, म्हणून तेथे ‘परत घेतला जाणार नाही’ ही पाटी उपयोगाची नाही. परत आलेला माल भारतात शिरताना त्यावर भारतीय आयात शुल्क मागितले जाऊ शकते. निर्यात केलेला तोच माल ठरावीक मुदतीत परत आल्यास २०१७ च्या ४५ क्रमांकाच्या सीमाशुल्क अधिसूचनेखाली सवलत आहे, परंतु तो तोच माल आहे हे पटवावे लागते, आणि त्यासाठी निर्यातीचे बिल, टपाल निर्यातपत्र किंवा कुरिअरचे निर्यातपत्र, ट्रॅकिंगची नोंद व वस्तूची पाठवण्यापूर्वीची छायाचित्रे एकत्र ठेवावी लागतात. साडीच्या बाबतीत पदराच्या एका कोपऱ्याचे जवळून घेतलेले छायाचित्र बिलाच्या क्रमांकासह जपून ठेवले तर ओळख पटवणे सोपे जाते.